रक्त दोन्ही पायांत एकच, मग गोळा उजव्याच पिंढरीत का?

प्रश्न : सर, नमस्कार. मी ४४ वर्षांची, शाळेत शिक्षिका आहे. दोन वर्षं रंकाळ्यावर सकाळी पळते. गेल्या डिसेंबरात पहिल्यांदाच २१ किलोमीटरच्या शर्यतीत उतरले. त्याआधी एका दमात सगळ्यात लांब पळाले होते ते १२ किलोमीटर. रोज मला किलोमीटरला साडेसात मिनिटं लागतात. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला हलगी वाजत होती, अंगात वारं शिरलं आणि पहिले दहा किलोमीटर पावणेसातच्या वेगाने गेले. सोळाव्या किलोमीटरला उजव्या पिंढरीत असा गोळा आला की कडेला बसून रडले. उरलेलं अंतर चालत संपवलं. आता श्रावणात जोतिबाला चालत गेलो, तर डोंगर चढताना पुन्हा तेच, पुन्हा उजवाच पाय. मधूनमधून रात्री झोपेतही येतो. सासूबाई म्हणतात अंगातलं मीठ कमी झालंय, मीठ-पाणी पी. ग्रुपमधले केळी खा म्हणतात. एका मैत्रिणीने मॅग्नेशियमच्या गोळ्या दिल्यात. धाकटा भाऊ तालमीत जातो, तो म्हणतो लोणच्याचा खार पी. दीड वर्षापूर्वी उजवा घोटा मुरगळला होता, पण आता तो दुखत नाही. वर्षभर रक्तदाबाची गोळी चालू आहे, म्हणून मिठाची भीती वाटते. येत्या डिसेंबरात परत पळायचं आहे. काय करू?
— एक वाचक, कोल्हापूर

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच शब्दावर थांबलो : 'उजवाच'. शर्यतीत उजवा, डोंगरावर उजवा. मीठ कमी पडलं तर ते रक्तात कमी पडतं, आणि रक्त तर दोन्ही पायांत तेच फिरतं. मग डावी पिंढरी गप्प का बसली? ज्याचं मीठ खरोखर घामातून वाहून जातं त्याला पेटके हातात, पोटात, दोन्ही पायांत, असे फिरत येतात. एकाच पायाच्या एकाच जागी परत परत गोळा येतो तेव्हा मी आधी त्या जागेची चौकशी करतो. आणि तुम्ही ती जागा सांगून ठेवली आहे, पत्राच्या शेवटाकडे, जणू काही विशेष नाही अशी : दीड वर्षापूर्वी मुरगळलेला घोटा.

त्याकडे येतोच. आधी गोळा आल्या क्षणी काय करायचं ते सांगतो, कारण तो उद्या सकाळी रंकाळ्यावर आला तर हे हाताशी हवं.

माझे वडील तालमीत जायचे. लहानपणी मी त्यांच्याबरोबर आखाड्याच्या कडेला बसायचो. एखाद्या पोराच्या पिंढरीत गोळा आला की तो लाल मातीत आडवा होऊन ओरडायचा आणि आजूबाजूची पोरं धावत येऊन पिंढरी रगडायला लागायची. वस्ताद सगळ्यांना बाजूला करायचे. पोराला उताणं झोपवायचे, गुडघा सरळ करायचे, त्याची टाच आपल्या तळहातात अशी धरायचे की तळपाय त्यांच्या कोपराखालच्या हातावर टेकेल. मग ते स्वतः सावकाश पुढे झुकायचे. चवडा हळूहळू पोराच्या गुडघ्याकडे वळायचा. झटका नाही, घाई नाही. पोर ओरडायचं थांबलं तरी वस्ताद हात सोडत नसत, मनात तीसपर्यंत मोजून मग हलकेच सैल करायचे. पुढे फिजिओथेरपी शिकताना मला हाच ताण पुस्तकात चित्रासकट दिसला.

तुम्ही एकट्या असाल तर असं करा. थांबा. भिंत, झाड, कठडा, जे मिळेल त्याला दोन्ही हात टेका. दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला पूर्ण टेकलेली. आता कंबर पुढे न्या, म्हणजे मागची पिंढरी ताणली जाईल. उभं राहवत नसेल तर खाली बसा, पाय लांब करा, ओढणी किंवा टॉवेल चवड्याला अडकवून दोन्ही टोकं आपल्याकडे ओढा. वीस ते तीस सेकंद धरा, सोडा, परत धरा. गोळा बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत सुटतो. सुटल्यावर हलक्या हाताने चोळायला हरकत नाही, पण गोळा आलेला असताना अंगठ्याने रुतवून रगडू देऊ नका. आवळलेल्या स्नायूवर जोर केला तर त्याचे तंतू दुखावतात आणि मग आठवडाभर जिना उतरता येत नाही. आपल्याकडे मालिशची मोठी परंपरा आहे आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, पण तिची वेळ नंतरची.

गोळा सुटला म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही. तो स्नायू पुढचा बराच वेळ हळवा असतो. लगेच जुन्या वेगाने पळालात तर पाचशे मीटरवर परत पकडेल. दोन-तीन मिनिटं चाला, मग छोटी पावलं टाकत हळू पळा. कातडीखाली किडे वळवळावेत तशी पिंढरी फुरफुरायला लागली तर ती पुढच्या गोळ्याची सूचना असते. तेव्हाच थांबून ताण द्या, गोळ्याची वाट बघू नका.

आता ताण दिल्याने गोळा सुटतो तो का, हे कळलं की तो येतो का तेही अर्धं कळतं. स्नायूच्या आत ताण ओळखणारी एक यंत्रणा असते. ती मज्जारज्जूला सांगते, 'आवळ'. स्नायू हाडाला जिथे जोडला जातो त्या कंडरेत दुसरी यंत्रणा असते. ती सांगते, 'पुरे, सोड'. ताज्या स्नायूत दोघींचा तोल असतो. दमलेल्या स्नायूत पहिली आरडाओरडा करते आणि दुसरीचा आवाज बसतो. त्यात स्नायू आखूड अवस्थेत असेल, म्हणजे चवडा खाली आणि टाच वर, तर दुसरी जवळजवळ गप्पच होते. स्नायू आवळतो आणि सोडायचं विसरतो. आपण चवडा वर खेचतो तेव्हा कंडरा ताणली जाते, दुसरी जागी होते आणि स्नायू सुटतो. दक्षिण आफ्रिकेतले क्रीडावैद्यक मार्टिन श्वेलनस यांनी १९९७ मध्ये ही मांडणी केली. त्यांच्या गटाने पुढे आयर्नमन या पोहणं, सायकल आणि पळणं अशा तिहेरी शर्यतीतल्या २१० स्पर्धकांवर केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पेटके कोणाला येणार याचा अंदाज दोन गोष्टींवरून लागला : कोण जास्त वेगाने पळालं आणि कोणाला आधी पेटके येऊन गेले होते. शरीरातलं पाणी किती कमी झालं किंवा रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, किती, यावरून तो लागला नाही.

तुम्हाला आपल्याच गावातला पुरावा हवा असेल तर शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा एखादा सामना बघा. पोरं पाय धरून आडवी होतात ती कधी? पहिल्या दहा मिनिटांत जवळपास कोणीच नाही. शेवटच्या पंधरा मिनिटांत एकामागून एक. आणि सोबतचा खेळाडू धावत येऊन काय करतो? बूट धरून चवडा ढकलतो. तिथे कोणी मीठ भरवत नाही, तरी पोरगं उठून परत पळतं. गोळा जर निव्वळ मिठाअभावी आला असता तर नुसता पाय ढकलून सुटला नसता.

मग तुमचं सोळावं किलोमीटर बघा. सराव बाराचा, शर्यत एकवीसची. वर पहिल्या दहा किलोमीटरला किलोमीटरमागे पंचेचाळीस सेकंद जादा वेग. हलगीच्या ठेक्यावर तुम्ही साडेसात मिनिटं वाचवलीत आणि पिंढरीने त्याची किंमत सहा किलोमीटर पुढे मोजली. यात तुमचा दोष मी मानत नाही. हलगी कडाडली की कोल्हापूरच्या माणसाचे पाय जागेवर राहत नाहीत. पण त्या दिवशी तुमच्या उजव्या पिंढरीकडून असं काम मागितलं गेलं जे तिने कधीच केलं नव्हतं.

आणि ती उजवी का, तर घोटा. घोटा मुरगळला की आपण दोन-तीन आठवडे त्या पायावर भार टाकत नाही. दुखणं थांबलं की सगळं विसरतो. पण त्या काळात पिंढरी बारीक झालेली असते, तोल सांभाळायची सवय मोडलेली असते, आणि मुद्दाम व्यायाम केला नाही तर ती आपोआप पूर्ण भरून येत नाही. रोजच्या पाच-सहा किलोमीटरला ते जाणवत नाही. सोळाव्याला जाणवतं. चढावर तर हमखास, कारण चढावर प्रत्येक पावलाला अंग वर ढकलायचं काम पिंढरीकडे जास्त येतं.

हे माझं अनुमान आहे, आणि ते तुम्ही घरीच तपासू शकता. गुडघ्याखाली चार बोटं सोडून, पिंढरी जिथे सगळ्यात जाड आहे तिथे शिवणकामाची टेप गुंडाळा. दोन्ही पायांचं माप लिहून ठेवा. मग भिंतीला फक्त दोन बोटं टेकवून एका पायावर उभ्या राहा, गुडघा सरळ. टाच जितकी वर जाईल तितकी उचला, सावकाश खाली आणा. एक. असं करत जा. टाच पूर्वीइतकी उंच जाईना किंवा गुडघा वाकायला लागला की मोजणी थांबवा. पाच मिनिटं विश्रांती घेऊन दुसरा पाय. धडधाकट माणसाला एका पायावर पंचवीसच्या आसपास जमायला हवं. मागच्या महिन्यात फुटबॉल खेळणारा एक मुलगा माझ्याकडे आला, तक्रार तुमच्यासारखीच. डाव्या पायावर त्याने सव्वीस मोजले. उजव्यावर चौदाव्याला त्याचा पाय थरथरायला लागला आणि तो स्वतःच माझ्याकडे बघत राहिला. त्याला पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही.

तुमचे आकडे असे निघाले तर तोच तुमचा उपचार. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, जिन्याच्या पायरीवर. पावसात घाटाच्या पायऱ्या निसरड्या असतात, म्हणून घरातलाच जिना घ्या आणि कठडा धरा. चवडे पायरीवर, टाचा बाहेर. दोन्ही पायांनी वर जा, मग डावा उचला आणि एकट्या उजव्यावर चार आकडे मोजत टाच पायरीच्या खाली उतरवा. हे हळू उतरणंच खरं औषध आहे. लोक वर जाण्यावर जोर देतात आणि खाली धपकन येतात, त्यात निम्मा फायदा जातो. दहा वेळा, तीन फेऱ्या. यानंतर तेच गुडघा थोडा वाकवून, म्हणजे आतला सपाट स्नायूही कामाला लागतो. डाव्या पायालाही करा, पण उजव्याला एक फेरी जास्त. दोन आठवड्यांनी सोपं वाटलं की पाठीवर शाळेची सॅक घ्या, आत दोन-तीन किलोंची पुस्तकं. पहिले काही दिवस पिंढरी दुखेल, ती चालते. टाचेवरची जाड शीर सकाळी उठताना टोचायला लागली तर मात्र फेऱ्या कमी करा. शिवाय रोज दात घासताना एका पायावर उभं राहायचं, आधी डोळे उघडे, मग मिटून, बेसिनचा आधार हाताच्या अंतरावर ठेवून. मुरगळलेल्या घोट्याचा हरवलेला तोल याने परत येतो. पळण्याआधी ताण द्यावे की नाही असं बरेच जण विचारतात. त्याने गोळा टळतो असा पुरावा नाही, पण दहा मिनिटं झपाझप चालून मग पळायला लागणं तुमच्या वयाला फार मानवतं.

डिसेंबरला चार महिने आहेत, पुष्कळ झाले. रविवारचं लांब पळणं १२ वरून एकेक किलोमीटर वाढवा, दर चौथ्या आठवड्याला थोडं कमी करा, आणि शर्यतीच्या तीन आठवडे आधी एकदा १८ होऊ द्या. महिन्यातून दोनदा विद्यापीठाच्या बाजूचा चढ-उतार घ्या, कारण रंकाळ्याची वाट सपाट आहे आणि सपाट वाटेवर तयार झालेली पिंढरी चढाला दचकते. शर्यतीत पहिले दहा किलोमीटर साडेसातनेच. घड्याळ बघा, शेजारच्याकडे बघू नका. हलगी ऐका, हात वर करून दाद द्या, पाय तेवढे आपल्या ठेक्यावर ठेवा.

आता मिठाचं. सासूबाईंचं म्हणणं निराधार नाही. १९२० च्या दशकात इंग्लंडच्या कोळसा खाणींत घामाने निथळणाऱ्या मजुरांना भयंकर पेटके यायचे. ते पाणी भरपूर प्यायचे, मीठ मिळायचं नाही. पाण्यात थोडं मीठ घालून दिल्यावर त्यांचा त्रास कमी झाला. मिठाचा पेटक्याशी जोडलेला संबंध तिथून रूढ झाला. उन्हात तासन्‌तास राबणारा ऊसतोड मजूर किंवा वजन तोडण्यासाठी पाणी बंद करून अंगावर जाड कपडे चढवून घाम काढणारा पैलवान, यांच्या बाबतीत तो आजही खरा आहे. (वजन तोडायची ती पद्धत जिवावर बेतू शकते. भाऊ तसं करत असेल तर त्याला माझ्याकडे पाठवा.) तुम्ही मात्र डिसेंबरच्या सकाळी, गार हवेत पळालात.

तरी अंदाज नको, मोजून बघू. एखाद्या दिवशी तासभर पळायच्या आधी कमीत कमी कपड्यांत वजन करा, आल्यावर घाम टिपून परत करा. समजा आधी ६२.४ किलो, नंतर ६१.६, आणि वाटेत ३०० मिलिलिटर पाणी प्यायलात. म्हणजे घाम १.१ लिटर. एक लिटर घामातून साधारण सव्वा ग्रॅमपासून साडेचार ग्रॅमपर्यंत मीठ जातं, माणसामाणसात इतका फरक असतो. काळा टी-शर्ट वाळल्यावर पाठीवर पांढरे नकाशे उमटत असतील, कपाळावर खरखरीत थर जमत असेल, तर तुम्ही जास्त मीठ गमावणाऱ्यांपैकी. तशा असाल तर दीड-दोन तासांच्या पळण्यात नुसत्या पाण्याऐवजी ओआरएस घ्या. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, दोन्ही चहाच्या चमच्याने. चवीला लिंबू. पुडा वापरलात तर पुड्यावर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडा घाला. अर्धा पुडा पेल्यात ढवळून पिणारे मी रोज बघतो, तसं करू नका.

आणि तहान लागेल तेवढंच प्या. शर्यतीत पाण्याच्या प्रत्येक टेबलावर दोन-दोन पेले रिचवणं हा शहाणपणा वाटतो, पण जास्त पाण्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं, आणि शर्यतीत वजन वाढलेल्यांना हा धोका सगळ्यात जास्त होता. पळून आल्यावर वजन आधीपेक्षा जास्त भरलं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात, एवढी खूण लक्षात ठेवा.

तुमची मिठाची भीती मात्र रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि आपल्या ताटातलं लोणचं, पापड, ठेचा, रविवारचा तांबडा रस्सा बघता ते पाच ग्रॅम दुपारपर्यंतच संपत असतील. तुम्हाला रोज वेगळं मीठ-पाणी नको. मिठाच्या गोळ्या तर नकोतच. ओआरएस फक्त लांब पळण्याच्या दिवशी, तेही डॉक्टरांना विचारून. त्याच भेटीत एक प्रश्न आवर्जून विचारा : माझी रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी आहे का? काही गोळ्या तशा असतात, त्यांनी शरीरातलं पोटॅशियम-सोडियम कमी होऊन पेटके वाढू शकतात. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू असेल तर तेही सांगा. डॉक्टर रक्त तपासतील, लागलं तर गोळी बदलतील. स्वतःहून एक दिवसही बंद करू नका.

खाराबद्दल भावाला माझा निरोप द्या की तो अगदी चुकीचा नाही. अमेरिकेत २०१० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत विजेने पेटका आणला आणि लोकांना काकडीच्या व्हिनेगरमधल्या लोणच्याचं पाणी घोटभर पाजलं. साध्या पाण्यापेक्षा पेटका लवकर सुटला, आणि तोही ते पाणी पोटातून रक्तात पोचायच्या आधी. म्हणजे काम मिठाने केलेलं नव्हतं. घशाला झोंबणाऱ्या आंबट चवीने नसांमार्फत स्नायूला 'सोड' असा निरोप गेला असावा, असं संशोधकांचं मत. आपलं लोणचं तेला-मसाल्याचं, त्याचा खार घोटभर पिऊन पळालात तर पोटात आग पडेल. लिंबाच्या बिनतेलाच्या लोणच्याचा चमचाभर खार, गोळा आलाच तर, आणि रक्तदाबामुळे तेवढाच. ताण देणं त्याहून लवकर उपयोगी पडतं, म्हणून आधी ताण.

केळं खा, भूक भागते, ताकद येते. पण केळ्यातलं पोटॅशियम रक्तात यायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि येतं तेही किंचित. आलेला गोळा केळ्याने सुटत नाही. मॅग्नेशियमच्या गोळ्या ठेवून द्या. वयस्कर लोकांच्या पेटक्यांवर त्यांचा म्हणण्यासारखा फायदा दिसलेला नाही, व्यायामातल्या पेटक्यांवर तर धड चाचण्याच झालेल्या नाहीत, आणि पोट ढिलं होतं ते वेगळं. कोणी क्विनीन हे मलेरियाचं औषध सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. पेटक्यांसाठी ते घेऊन लोकांच्या जिवावर बेतलं आहे.

खाण्याबाबत एक गोष्ट मात्र लोक विसरतात. उपाशीपोटी पळालात की शरीरात साठवलेली साखर लवकर संपते, स्नायू लवकर दमतो, आणि दमलेल्या स्नायूची गोष्ट वर आलीच. लांब पळण्याच्या तासभर आधी थोडी भाकरी-दूध किंवा राजगिऱ्याचा लाडू, आणि दुसऱ्या तासाला लिंबाएवढा गुळाचा खडा चघळत दोन-तीन वेळा मिळून संपवा. गूळ आपल्या दारातला आहे, पोटाला सवयीचा आहे. पण शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा नको, रविवारच्या सरावात बसवून घ्या.

रात्रीच्या गोळ्याचं कारण बरंचसं पांघरुणात असतं. पालथं झोपलो किंवा जड वाकळ पायावर ओढली की चवडे खाली दाबले जातात, पिंढरी तासन्‌तास आखूड राहते. पायाकडची वाकळ सैल ठेवा. झोपण्याआधी भिंतीला हात टेकून तोच पिंढरीचा ताण प्रत्येक पायाला तीन वेळा द्या. गोळा आलाच तर उठून तळपाय पूर्ण टेकवून जमिनीवर उभ्या राहा.

काही खुणा दिसल्या तर मात्र माझं हे पत्र बाजूला ठेवा. एकच पिंढरी सुजली, गरम लागली, लाल झाली आणि दुखणं ताणूनही जात नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे, शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. जोराच्या श्रमानंतर लघवी चहाच्या रंगाची झाली तर थेट दवाखान्यात. दर वेळी ठरावीक अंतर चाललं की पिंढरी भरून येते आणि दोन मिनिटं उभं राहिलं की थांबते, असं असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासायला हव्यात. उन्हात पळताना पेटक्यांबरोबर डोकं भणाणलं, बोलणं असंबद्ध झालं, तर ते माणूस ताबडतोब सावलीत नेऊन पाण्याने भिजवायचं आणि गाडी बोलवायची. तुमच्या पत्रात यातलं काही नाही, म्हणून मी निर्धास्तपणे लिहितो आहे.

या रविवारी दोन्ही पायांचे टेपचे आणि टाच उचलण्याचे आकडे काढा, वहीच्या पहिल्या पानावर तारखेसकट लिहा. आठ आठवड्यांनी परत मोजा आणि उजव्या पायाचे आकडे मला कळवा.